हायड्रोजन ट्रकचं टाइप अप्रूव्हल: अर्ज कोणी करायचा, कागद काय लागतात

टाइप अप्रूव्हल म्हणजे नमुना तपासून त्या मॉडेलला दिलेली अधिकृत मंजुरी, आणि त्यात हायड्रोजनची टाकी पास झाली म्हणजे ट्रक पास झाला असं नसतं, सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो म्हणून आधीच सांगतोय. हायड्रोजन गाड्यांच्या सुरक्षेसाठी संयुक्त राष्ट्रांचं रेग्युलेशन १३४ आहे, २०१५ पासून लागू, आणि जे देश ते पाळतात तिथे मंजुरीचे तीन भाग पडतात. पहिल्यात हायड्रोजन साठवायची अख्खी सिस्टीम, दुसऱ्यात तिचे व्हॉल्व्ह आणि आग लागली की उष्णतेने उघडून गॅस बाहेर सोडणारं सेफ्टी डिव्हाइस, तिसऱ्यात हे सगळं बसवलेली पूर्ण गाडी.

अर्ज उत्पादक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधीच करू शकतो. ट्रक विकत घेणाऱ्याला यात काही करायचं नसतं, त्याने मंजुरीचा मार्क तेवढा बघून घ्यावा, वर्तुळात ई आणि मंजुरी देणाऱ्या देशाचा नंबर, शेजारी १३४आर.

कागदांत मुख्य म्हणजे ठरलेल्या नमुन्यातलं माहितीपत्रक, तिन्ही भागांचं वेगवेगळं. टाकीचं मटेरियल, वर्किंग प्रेशर, ड्रॉइंग, टाकी गाडीत कुठे बसते, सगळं त्यात येतं. सोबत टेस्टिंगसाठी नमुना द्यावा लागतो, आणि कारखान्यातून निघणारा प्रत्येक नग मंजूर नमुन्यासारखाच असेल याची व्यवस्था दाखवावी लागते, ती नसेल तर टेस्ट पास होऊनही मंजुरी मिळत नाही.

टेस्ट कडक आहेत आणि असायलाच हव्यात. टाकी १.८ मीटरवरून पाडतात, आगीत तापवतात. १२ टनांवरच्या ट्रकला कारसारखी क्रॅश टेस्ट लागू नसेल तर टाकीच्या फिटिंगने पुढच्या दिशेने ६.६ जी (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ओढीइतका जोर) आणि आडव्या दिशेने ५ जी इतका झटका सोसला पाहिजे. बंदिस्त जागेत हायड्रोजन ३ टक्क्यांवर गेला तर ड्रायव्हरला वॉर्निंग, ४ च्या वर गेला तर मेन व्हॉल्व्ह बंद. सेफ्टी डिव्हाइसमधून सुटणारा गॅस चाकाच्या कमानीत, दुसऱ्या टाकीवर किंवा गाडीच्या पुढच्या बाजूला जाता कामा नये, त्यामुळे व्हेंट पाइपचं तोंड ड्रॉइंगमध्ये नीट दाखवा.

गॅस भरायच्या तोंडाजवळ लेबल लागतं, त्यावर इंधन, प्रेशर आणि टाकी कधी बाद करायची ती तारीख.

मंजुरीनंतर टाकीची जागा किंवा काहीही बदललं तर मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यांनाच कळवायचं, एक्स्टेंशनवर, म्हणजे आधीचीच मंजुरी वाढवून भागेल की परत टेस्ट रिपोर्ट लागेल ते तेच ठरवतात.