नळीतील श्यान प्रवाह : प्रवाहदराचे गणित

नळीच्या दोन टोकांमधल्या दाबाचा फरक, नळीची त्रिज्या, तिची लांबी आणि आतल्या द्रवाची श्यानता एवढ्या चार गोष्टी माहीत असल्या, की सेकंदाला किती द्रव बाहेर पडेल ते काढता येते. त्यासाठीचे सूत्र हागेन-प्वाझय नियम म्हणून ओळखले जाते (विद्यार्थ्यांच्या तोंडी त्याचे बहुधा ‘पॉयझुली’ होते) :

प्रवाहदर = (पाय × दाबफरक × त्रिज्येचा चौथा घात) ÷ (८ × श्यानता × लांबी)

श्यानता म्हणजे द्रवाच्या थरांनी एकमेकांवरून सरकताना केलेला विरोध. बोलीत आपण ‘दाट’ म्हणतो आणि तिथेच घोळ होतो, कारण घनता ही वेगळी गोष्ट आहे. गोडेतेल पाण्यावर तरंगते, म्हणजे ते पाण्यापेक्षा हलके. पण ओतायला घेतले की पाण्याहून कितीतरी चिकट.

जर्मन जलअभियंता गॉटहिल्फ हागेन याने पितळी नळ्यांवरचे प्रयोग १८३९ मध्ये प्रसिद्ध केले. फ्रेंच वैद्य झाँ लेओनार प्वाझय त्याच सुमारास स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोहोचला. त्याला खरे कुतूहल होते ते बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कसे वाहते याचे. मोजमापे मात्र त्याने काचेच्या केशनलिकांतून, म्हणजे केसासारख्या बारीक नळ्यांतून, पाणी सोडून केली. श्यानतेच्या ‘पॉइज’ या एककात त्याचे नाव टिकून आहे. २० अंश सेल्सिअसला पाण्याची श्यानता सुमारे १ सेंटिपॉइज, म्हणजे पास्कल-सेकंदाचा हजारावा भाग असते.

सूत्रातला चौथा घात पाहून नवखा माणूस बिचकतो, पण त्यामागचे कारण साधे आहे. नळीतला द्रव कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या थरांनी सरकतो. भिंतीला लागलेला थर हलतच नाही, त्याच्या आतला थोडा हलतो आणि मधोमध वेग सर्वांत जास्त, सरासरीच्या बरोबर दुप्पट असतो. त्रिज्या वाढली की क्षेत्रफळ वर्गाच्या प्रमाणात वाढते. शिवाय मधला द्रव भिंतीपासून दूर गेल्याने वेगही वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन घात इथले, दोन तिथले. म्हणूनच एका नळीऐवजी अर्ध्या व्यासाच्या चार नळ्या जोडल्या, तर एकूण क्षेत्रफळ तेच राहते पण प्रवाह चतुर्थांशावर येतो.

एक उदाहरण घेऊ. चेंबूरच्या एखाद्या कारखान्यात टाकीपासून बॉयलरपर्यंत फर्नेस ऑइलची ४० मीटर लांबीची लाइन आहे, आतला व्यास ५० मिलिमीटर. तेल ५० अंशांपर्यंत तापवलेले, त्याची श्यानता १७० सेंटिपॉइज, दाबफरक १ बार. सगळे आकडे मीटर, पास्कल आणि सेकंद यांत बदलून घातले की उत्तर येते सेकंदाला सुमारे २.२६ लिटर, सरासरी वेग १.१५ मीटर. आता याच पाइपच्या आत सगळीकडून अडीच मिलिमीटरचा थर धरला आहे असे समजा. त्रिज्या दहा टक्क्यांनीच घटली, पण प्रवाह तब्बल ३४ टक्क्यांनी घटून जेमतेम दीड लिटरवर येतो.

आकडे घालताना दोन ठिकाणी हमखास पाय घसरतो. तेलाच्या माहितीपत्रकावर श्यानता बहुधा सेंटिस्टोकमध्ये, म्हणजे घनतेने भागून, दिलेली असते. ती घनतेने गुणल्याशिवाय सूत्रात चालत नाही. दुसरे म्हणजे दाबमापकावरचा आकडा हा दाबफरक नव्हे. बॉयलर पाच मीटर उंचावर असेल, तर तेल वर चढवण्यातच जवळपास अर्धा बार खर्ची पडतो, तो आधी वजा करावा लागतो.

सूत्र वापरण्याआधी, किंवा निदान वापरल्यानंतर, रेनल्ड्स अंक तपासणे ही औपचारिकता नाही. घनता, वेग आणि व्यास यांच्या गुणाकाराला श्यानतेने भागले की तो मिळतो. ऑस्बर्न रेनल्ड्सने १८८३ मध्ये मँचेस्टरला काचेच्या नळीत रंगाची रेघ सोडून दाखवले, की एका मर्यादेपर्यंत रेघ सरळ राहते आणि पुढे विस्कटते. नेहमीच्या पाइपांत हा अंक सुमारे २,००० च्या आत असला तर प्रवाह स्तरीय (थराथरांनी सरकणारा), ४,००० च्या पुढे गेला तर संक्षोभी (भोवरे घेत घुसळत जाणारा). वरच्या तेलाचा अंक ३२० च्या आसपास येतो, म्हणजे सूत्र लागू आहे. त्याच पाइपात तेवढ्याच दाबफरकाने २७ अंशांचे पाणी (श्यानता सुमारे ०.८५ सेंटिपॉइज) सोडले आणि डोळे मिटून तेच सूत्र लावले, तर उत्तर येते सेकंदाला ४५० लिटर, वेग २३० मीटर. विमानाचा वेग झाला! संक्षोभी प्रवाहासाठी असलेल्या डार्सी-वाइसबाख समीकरणाने हिशेब केला, की पाणी प्रत्यक्षात सेकंदाला ७ लिटरच्या आसपास वाहते. पाणी तेलापेक्षा दोनशे पट पातळ, पण प्रवाह जेमतेम तिप्पट.

तानसा तलावाहून मुंबईत येणाऱ्या मोठ्या जलवाहिन्यांना प्वाझय लावत नाहीत तो याचमुळे. दोन मीटर व्यासाच्या नळातून सेकंदाला एक मीटर वेगाने जाणाऱ्या पाण्याचा रेनल्ड्स अंक वीस लाखांच्या वर जातो.

मुंबईच्या कॉलेजांतून पदार्थविज्ञानाच्या प्रात्यक्षिकात हे सूत्र उलटे वापरतात : प्रवाह मोजून श्यानता काढायची. स्थिर पातळीची टाकी, आडवी केशनलिका, खाली मोजपात्र, हातात स्टॉपवॉच. पाणी टपटपत असते आणि वाटते, कौशल्य वेळ मोजण्यात आहे. ते खरे त्रिज्येत असते. ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपखाली नळीचे तोंड धरून उभा-आडवा व्यास घेताना दोन टक्के चूक झाली, की उत्तरात आठ टक्के चूक येऊन बसते. शिवाय नळीचे तोंड म्हणजे अख्खी नळी नव्हे. नळीत पाऱ्याचा धागा भरून, त्याची लांबी व वजन घेऊन सरासरी त्रिज्या काढण्याची जुनी रीत जास्त भरवशाची, पण पारा हाताळायला कोणी राजी नसते.

रुग्णालयात हाच चौथा घात रंगांनी ओळखला जातो. रक्तस्राव होत असलेल्या रुग्णाला सिस्टर निळी २२ गेजची सुई न लावता हिरवी १८ गेजची, जमल्यास त्याहूनही जाड लावतात (गेजचा आकडा लहान, तेवढी सुई जाड). आखूड आणि रुंद नळीतून सलाइन झपाट्याने जाते. सुईतला प्रवाह वेगवान झाला की नियम काटेकोरपणे लागू राहत नाही, पण निवडीची दिशा तीच राहते.

तापमान हा या हिशेबातला सर्वांत चंचल भाग. जानेवारीतल्या एखाद्या गार सकाळी मुंबईतही खोबरेल तेलाची बाटली थिजते आणि उन्हात ठेवल्यावर दहा मिनिटांत पातळ होते. या दोन अवस्थांना एकच श्यानता कशी देणार? १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हायचे खनिज तेल हलके असले तरी मेणयुक्त आहे. असे तेल गार झाले की त्यात मेणाचे स्फटिक धरतात, आणि मग ते न्यूटनच्या नियमाने वागणारा, म्हणजे वेग कितीही असला तरी श्यानता तीच ठेवणारा, द्रव राहत नाही : ठरावीक दाबाच्या खाली हलतच नाही, हलू लागले की सैल पडते. तिथे एका श्यानतेचा आकडा घेऊन चालत नाही. लाइन बंद पडून तेल आत थंड झाले असेल, तर वाहत्या तेलासाठी मोजलेला दाब ते पुन्हा हलवायला पुरत नाही. म्हणून लाइनला उष्णतारोधक आवरण देतात किंवा तेलात मेण धरू न देणारी रसायने मिसळतात.