युरोपीय अटक वॉरंट : विश्वास आधी आला, हक्क मागाहून

१९५७ च्या युरोपीय प्रत्यार्पण करारात आरोपी परक्या देशाच्या हवाली करायचा की नाही, याचा शेवटचा शब्द बहुधा सरकारचा असे. प्रकरणे वर्षानुवर्षे रेंगाळत. ऑक्टोबर १९९९ मध्ये टाम्पेरे (फिनलंड) इथे युरोपीय संघाच्या नेत्यांनी एकमेकांच्या न्यायालयीन निर्णयांना मान्यता देण्याचे तत्त्व स्वीकारले. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर या कामाला वेग आला आणि १३ जून २००२ रोजी युरोपीय अटक वॉरंटवर, म्हणजे संघातल्या एका देशाच्या न्यायालयाच्या आदेशावरून दुसऱ्या देशाने माणूस पकडून सोपवण्याच्या व्यवस्थेवर, शिक्कामोर्तब झाले.

२००४ पासून मंत्रालये बाजूला झाली. आता न्यायालयाचे पत्र थेट न्यायालयाला जाते, निकाल साधारण ६० दिवसांत द्यावा लागतो. ३२ प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांत ‘आमच्याकडे हा गुन्हाच नाही’ अशी हरकतही चालत नाही. वॉरंट नाकारण्याची कारणे मोजकी, आणि हक्कभंग त्यांत नाही. प्रस्तावनेत हक्कांचा उल्लेख आहे, पण सगळी भिस्त परस्परांवरील विश्वासावर. मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातील अबू सालेमला पोर्तुगालने २००५ मध्ये सोपवले ते फाशी न देण्याची हमी भारताकडून घेऊनच. संघातल्या देशांनी एकमेकांकडे अशा हमीची गरज क्वचितच मानली.

संघाची मूलभूत हक्कांची सनद २००० मध्ये जाहीर झाली खरी, पण ती बंधनकारक ठरली डिसेंबर २००९ मध्ये, लिस्बन करारामुळे. त्यानंतरही २०१३ मध्ये लक्झेंबर्गमधील संघाच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पेनला बजावले, की स्वतःच्या संविधानातले जास्तीचे संरक्षण पुढे करून वॉरंट अडवता येणार नाही.

वळण आले ते जर्मनीतील ब्रेमेनच्या न्यायालयामुळे. हंगेरी आणि रुमानियाच्या तुरुंगांत कैदी अक्षरशः कोंबलेले असताना माणसे तिकडे पाठवायची कशी, असे त्याने विचारले. लक्झेंबर्गच्या न्यायालयाच्या ५ एप्रिल २०१६ च्या निकालाने दोन टप्पे घालून दिले : आधी तिथल्या तुरुंगांत सर्रास दोष आहेत का ते पाहा, मग याच माणसाला अमानुष वागणुकीचा खरा धोका आहे का ते तपासा. त्यासाठी माहिती मागवा आणि ती येईपर्यंत हस्तांतर थांबवा.

जुलै २०१८ मध्ये आयर्लंडहून आलेल्या प्रकरणात हीच कसोटी पोलंडच्या न्यायाधीशांच्या स्वातंत्र्याला लावली गेली. माझ्या मते इथे ती तोकडी पडते. न्यायव्यवस्थाच सरकारच्या दबावाखाली असेल, तर ‘माझ्याच खटल्यात’ अन्याय होईल हे आरोपीने आधीच कसे दाखवायचे? डिसेंबर २०२० मध्ये नेदरलँड्समधून हाच मुद्दा पुन्हा आला, तेव्हाही न्यायालयाने दुसरा टप्पा सोडला नाही.