वैश्विक भयकथा

इंग्रजी भयसाहित्याचा एक प्रकार. या अफाट विश्वाला माणसाच्या सुखदुःखाशी काहीच देणेघेणे नाही, या जाणिवेतून उपजणारे भय हा त्याचा गाभा होय. भूतकथेतील पिशाचाला सूड हवा असतो आणि त्याची शांती करता येते. येथे संकटाला हेतूच नसल्यामुळे त्याला शरण जाण्याचीही सोय उरत नाही.

डॅन्यूबच्या पुरात एका बेटावर अडकलेल्या दोन प्रवाशांची ‘द विलोज’ (१९०७) ही ॲल्जरनॉन ब्लॅकवुड यांची कथा या परंपरेतील महत्त्वाचा आरंभीचा टप्पा मानली जाते. मात्र प्रकाराला ठाशीव रूप दिले ते अमेरिकेतील प्रॉव्हिडन्सचे एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) यांनी. त्यांना लहानपणापासून खगोलशास्त्राचा नाद होता, आणि देवयानी दीर्घिका आपल्या आकाशगंगेबाहेर असल्याचे खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांचे संशोधन जाहीर झाले तेच दशक त्यांच्या लेखनाच्या बहराचे होते.

त्यांच्या ‘द कलर आउट ऑफ स्पेस’ (१९२७) या कथेत एका शेतकऱ्याच्या विहिरीजवळ उल्का पडते. तिच्यातील रंग ज्ञात वर्णपटात कोठेच बसत नाही. त्या वर्षी फळे टपोरी, तकतकीत धरतात, पण चवीला कडू निघतात. पुढे झाडे अंधारात चमकू लागतात, गुरे राखाडी होऊन ठिसूळ पडतात आणि घरातील माणसे एकेक करून खचत जातात. तो रंग सजीव आहे की काय, हे शेवटपर्यंत उलगडत नाही. ही हकीकत सांगणारा तेथे नव्या जलाशयाच्या पाहणीसाठी आलेला असतो, आणि त्या जलाशयाचे पाणी आपण कधीही पिणार नाही, असे तो सांगतो.

या कथांची पकड टिकून आहे ती अशा अपुऱ्या उलगड्यामुळे. जेथे अक्राळविक्राळ प्राण्यांची सविस्तर वर्णने येतात, तेथे भय उलट ओसरते. आपण कल्पिलेली दैवते आणि ‘नेक्रोनॉमिकॉन’ हा काल्पनिक ग्रंथ लव्हक्राफ्ट यांनी मित्रलेखकांना मोकळेपणी वापरू दिला, त्यामुळे हे कल्पनाविश्व त्यांच्या मृत्यूनंतरही वाढत राहिले. त्यांच्याच एका कथेचे नाव घेऊन १९८१ मध्ये निघालेल्या ‘कॉल ऑफ क्थुल्हू’ या भूमिका-खेळात (खेळाडू पात्रांच्या भूमिका घेऊन खेळतात तो खेळ) तर निषिद्ध ज्ञान वाढते तशी पात्राची मनःस्वस्थता टिकण्याची शक्यता घटत जाते.

लव्हक्राफ्ट यांच्या लेखनातील वंशद्वेष उघड आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही. ‘द हॉरर ॲट रेड हुक’ या त्यांच्या कथेची व्हिक्टर लाव्हॅल यांनी ‘द बॅलड ऑफ ब्लॅक टॉम’ (२०१६) मध्ये एका कृष्णवर्णीय तरुणाच्या बाजूने पुनर्रचना केली. त्या तरुणाला विश्वाच्या बेपर्वाईपेक्षा शहरातील पोलिसांचे भय अधिक जवळचे आहे.