फसवा मासा (गोठलेल्या सरोवरांवरील मासेमारी)

गोठलेल्या सरोवराच्या बर्फाला भोक पाडून भाल्याने मासे मारताना पाण्यात सोडायचा लाकडी कोरीव मासा. याला गळ नसतो. खरा मासा त्यात अडकत नाही, फक्त जवळ येतो आणि वर दबा धरून बसलेला माणूस त्याला टिपतो. उत्तर अमेरिकेत पंचमहासरोवरांच्या परिसरात, विशेषतः मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटा आणि न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात, या कोरीव कामाच्या स्थानिक परंपरा घडल्या.

उगमाविषयी एकमत नाही. अलास्का व आर्क्टिक किनाऱ्यावर वॉलरस या समुद्री सस्तन प्राण्याच्या सुळ्यांतून कोरलेले लहान मासे सापडले आहेत. त्यांतील काही सुमारे हजार वर्षांपूर्वीचे असावेत. पंचमहासरोवरांकडे गोड्या पाण्यातील शिंपल्यांचे मत्स्याकार तुकडे मिळतात. हे फसवे मासे, गळाची आमिषे की अंगावर घालायची पदके, हा वाद आहे. यात आकारापेक्षा छिद्राच्या जागेला अधिक महत्त्व देणे रास्त वाटते. छिद्र शेपटीशी असेल तर वस्तू उलटी लोंबते, तोंडाशी असेल तर उभी टांगली जाते. पाठीवर, मध्याच्या किंचित पुढे असेल तरच ती पाण्यात खऱ्या माशासारखी आडवी राहते. लाकूड आणि कातडे कुजून जात असल्याने जुने लाकडी नमुने न मिळणे हा प्रथा नसल्याचा पुरावा धरता येत नाही.

लिखित पुरावा त्या मानाने अलीकडचा आहे. १७६० च्या दशकात या सरोवरांवर वावरलेला व्यापारी अलेक्झांडर हेन्री याने, कातड्यांनी झाकून अंधार केलेल्या ठेंगण्या खोपटात बसून ट्राउट मासे मारण्याची रीत आणि त्यासाठी वापरला जाणारा, शिसे भरलेला लाकडी मासा वर्णिला आहे. जर्मन प्रवासी योहान गेओर्ग कोल १८५५ मध्ये सुपीरियर सरोवराकाठी ओजिब्वे या मूळ रहिवासी लोकांत राहिला. त्यानेही असेच पाहिले. गोऱ्या वसाहतकऱ्यांत ही कला स्वतंत्रपणे उपजली असे मानण्यापेक्षा ती मूळ रहिवाशांकडून आली, हे मत म्हणूनच अधिक ग्राह्य आहे.

अंधाराचे कारण साधे आहे. आत उजेड नसला की बर्फातून झिरपणाऱ्या प्रकाशाने खालचे पाणी उजळलेले दिसते आणि मासा बराच खोलवर ओळखू येतो.

सीडर, पाइन किंवा बासवुडचा तुकडा तासून पोटात खोबण करतात व तीत वितळलेले शिसे ओततात. पर (माशाचे पोहण्याचे पंख) बहुधा पत्र्याचे असतात. ते व शेपूट नेमके वाकवले की वरून दोरी हलवताच मासा गोल फेऱ्या घेतो. शिसे किती आणि बाक किती, हे पाण्यात सोडून पाहूनच ठरते. चांगला कारागीर मासा आधी ‘पोहवतो’, मग रंगवतो.

न्यूयॉर्कमधील शटॉक्वा सरोवराच्या एकोणिसाव्या शतकातील माशांना कातड्याची शेपटी असे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे भालामारीवर बंदी आल्याने हे नमुने दुर्मीळ आहेत. विस्कॉन्सिनच्या लाक द्यू फ्लाँबो येथील ओजिब्वे कारागिरांचे काम वेगळे ओळखले जाते. मिशिगनमधील कॅडिलॅकचे ऑस्कर पीटरसन (१८८७–१९५१) यांनी हजारो मासे कोरले. मिनेसोटात मुख्य सावज पाइक मासा.

विस्कॉन्सिनचे विनेबेगो सरोवर अपवादात्मक आहे. तेथे सावज स्टर्जन हा मोठ्या आकाराचा मासा, पाणी गढूळ, म्हणून फसवे मासे मोठे व भडक रंगाचे. काही जण घरातली चकाकती भांडीही सोडतात. हंगाम फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी सुरू होतो आणि जास्तीत जास्त १६ दिवस चालतो. मारायच्या माशांची ठरलेली संख्या भरली तर आधीच बंद होतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोककला म्हणून या माशांना किंमत आली आणि बनावट ‘जुने’ मासेही बाजारात उतरले. काळ ठरवताना त्यामुळे रंगापेक्षा दोरीच्या छिद्राची झीज आणि परांचा पत्रा पाहणे अधिक उपयोगी ठरते.