बर्फ पांढरा की काचेसारखा?

जुलै महिना, कोकणपट्टीतलं घर. सकाळी स्वयंपाकघरात गेलं की फ्रीजच्या पुढ्यात पाणी. भाजीचा ट्रे उचलावा तर त्याखालीही पाणी. फ्रीजरमध्ये खोवलेल्या नारळाचा डबा तळाला असा चिकटलेला की जागचा हलत नाही. आमच्याकडे हे झालं तेव्हा पहिला सल्ला मिळाला, ‘गॅस संपला असेल, भरून घ्या.’ गॅस शाबूत होता. तुंबलं होतं ते करंगळीएवढं एक भोक.

फ्रीजमधला गॅस बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो, स्कूटरच्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. कुठे गळती झाली तरच तो कमी होतो. म्हणून कुणाला बोलावण्याआधी बर्फाकडे नीट बघा, तो कुठे साचलाय आणि दिसतो कसा.

हवेतली वाफ गार पत्र्याला लागली की पाणी न होता थेट गोठते. हा बर्फ भुसभुशीत असतो. त्याच्या कणांमध्ये अडकलेल्या हवेमुळे प्रकाश विखुरतो, म्हणून तो पांढरा दिसतो. साचलेलं पाणी गोठलं तर बर्फ कडक, काचेसारखा होतो. पांढरा बर्फ वाढत असेल तर बाहेरची हवा आत शिरतेय. काचेसारखा असेल तर आतल्या पाण्याला वाट मिळत नाहीये.

हवा किती पाणी आणते? पावसाळ्यात ३० अंश सेल्सिअसच्या दमट हवेत दर घनमीटरला २५ ग्रॅमच्या आसपास वाफ असते. उणे १८ अंशांच्या हवेत जेमतेम १ ग्रॅम मावते. ५० लिटरच्या फ्रीजरचं दार दिवसातून २० वेळा उघडलं आणि दर वेळी निम्मी हवा बदलली, तरी महिन्याला पावणेचारशे ग्रॅम पाणी आत येतं, तेही दार घट्ट लागत असताना. दाराचं रबर सैल असेल तर ही आवक रात्रंदिवस चालू राहते. दार लावून लगेच उघडायला गेलं की आतून कुणी ओढून धरल्यासारखं वाटतं ना? आत शिरलेली गरम हवा आक्रसते आणि दाब कमी होतो. रबरात फट असेल तर त्याच ओढीने दमट हवा आत खेचली जाते.

रबर तपासायला दारात एक नोट अडकवा आणि ओढा. सहज निसटली तर तिथे पकड नाही. चारही बाजूंनी असं करून पाहा. बरेचदा नुसता चिकट थर साबणाच्या कोमट पाण्याने पुसला तरी रबर पुन्हा धरतं. फ्रीजचे पुढचे पाय किंचित उंच ठेवले की दार आपोआप लागतं.

आता ते भोक. फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणाऱ्या फ्रीजमध्ये गार नळ्यांचं जाळं फ्रीजरच्या मागच्या पडद्याआड असतं. वाफ तिथेच गोठते. ठरावीक वेळाने गॅस फिरवणारा कॉम्प्रेसर थांबतो, जाळ्याखालचा हीटर थोडा वेळ तापतो, बर्फ वितळतो आणि पाणी भोकातून नळीवाटे मागे कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये उतरतं. कॉम्प्रेसरच्या उबेने तिथे ते वाळतं. भोकात कोथिंबिरीचं पान, मटाराचं साल किंवा पिशवीचा तुकडा अडकला की पाणी थबकतं आणि गोठतं. पुढच्या खेपेला त्यावर आणखी एक थर चढतो. मग पाणी फ्रीजरच्या तळाशी पसरतं आणि तिथून खालच्या कप्प्यात झिरपतं.

उपाय साधा आहे, वेळखाऊ आहे. प्लग काढा, सामान थर्माकोलच्या खोक्यात हलवा, खाली जुने टॉवेल अंथरा आणि दार रात्रभर उघडं ठेवा. मग बिनसुईच्या सिरिंजने भोकात कोमट पाणी हळूहळू सोडा. उकळतं नको, प्लॅस्टिकला तडा जाईल. पडदा काढल्याशिवाय भोक दिसत नसेल तर ते काम मेकॅनिककडून करून घ्या.

सुरी किंवा स्क्रू ड्रायव्हरने बर्फ खरवडू नका, हे मी कळकळीने सांगते. नळ्या पातळ ॲल्युमिनियमच्या असतात. एक टोचा लागला की गॅस निसटतो, आणि हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमध्ये तो आयसोब्युटेन, म्हणजे पेट घेणारा वायू असतो.

एवढं करूनही मागचा पडदा आठवड्याभरात पांढराफटक झाला, फ्रीजर गार पण खालचं दूध नासतंय, तर हीटर, त्याचा सेन्सर किंवा टायमर बिघडलाय. हवा अडकलेला बर्फ गोधडीसारखं काम करतो. नळ्यांची थंडी गार हवा खाली ढकलणाऱ्या पंख्यापर्यंत पोचत नाही आणि कॉम्प्रेसर धापा टाकत राहतो. उलट जाळ्याच्या सुरुवातीच्याच एक-दोन वेटोळ्यांवर बर्फ आणि बाकी नळ्या कोरड्या असतील, तर मात्र गॅस कमी झाल्याची शंका खरी असू शकते. मेकॅनिकला हे निरीक्षण जरूर सांगा.

सिरिंजने पाणी सोडताना कान मागे ठेवा. ट्रेमध्ये टपटप ऐकू आली की वाट मोकळी झाली. मग तो ट्रेही बाहेर काढून घासा आणि दर आठवड्याला रिकामा करत जा. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंडी घालायला असंच साचलेलं स्वच्छ पाणी लागतं, आणि अंड्यातून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.