आमच्यात शुगर आहेच

पॅथॉलॉजी लॅबमध्ये उपाशीपोटीचं रक्त देऊन झालं, की नाश्ता करून दोन तासांनी पुन्हा हात पुढे करावा लागतो. मधल्या वेळात बाकावर गप्पा होतात. मागच्या खेपेला शेजारच्या आजोबांनी विचारलं, "घरात कुणाला आहे?" म्हटलं, "आईला, मामांना." त्यांनी मान डोलावली. "मग यायचीच. खाण तशी माती." त्यांच्या पलीकडे आजी बसल्या होत्या. त्यांनाही शुगर, माहेरी मात्र कुणालाच नाही. त्यांचा निदानाचा प्रश्न कधीच सुटला होता: "मला यांच्यामुळे लागली."

आजींचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. नवरा-बायकोपैकी एकाला टाइप २ मधुमेह असेल, तर दुसऱ्याला तो होण्याची शक्यता थोडी वाढलेली आढळते. दोघांचं रक्ताचं नातं नसतं; पण चहातली साखर, जेवायची वेळ आणि जेवणानंतरचा सोफा एकच असतो. वाण नाही पण गुण लागला, तो असा.

आता वाणाकडे वळू. डीएनएच्या एका संचात सुमारे ३०० कोटी अक्षरं असतात. प्रमाण धरलेल्या प्रतीशी ताडून पाहिलं, तर कुणाच्याही डीएनएत ४० ते ५० लाख जागी फरक निघतो. बहुतेक फरक निरुपद्रवी असतात. २००६ मध्ये आइसलँडच्या संशोधकांना टीसीएफ-७-एल-२ या जनुकात मधुमेहाशी जोडलेले फरक सापडले. पाठोपाठ पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतले डॉ. गिरिराज चांडक यांच्या गटाने पुण्याच्या रुग्णांमध्ये ते तपासले, आणि इथेही तेच दिसलं. अशा फरकाची एक प्रत अंगात असली की धोका साधारण दीडपट होतो, कारण गरज असेल तेव्हा स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटण्यात ढिलाई येते. बऱ्याच लोकांत आढळणारा आणि तरीही एवढं वजन असलेला फरक मधुमेहात विरळाच. बाकी सगळी चिल्लर. २५ लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून २०२४ मध्ये मधुमेहाशी संबंधित ६११ जागा नोंदवल्या गेल्या. त्यातल्या बहुतेक जागा एकेकट्या घेतल्या तर धोका फार तर पाच-दहा टक्क्यांनी हलवतात.

ही चिल्लर प्रत्येक गावात सारखी चालत नाही. एफटीओ हे जनुक २००७ मध्ये युरोपात गाजलं ते वजनामुळे: त्यातल्या एका फरकाच्या दोन्ही प्रती असलेली माणसं इतरांपेक्षा सरासरी तीन किलोने जड निघाली. त्यांचा मधुमेह वाढतो तोही वजनाच्या वाटेने. पुण्यात मात्र वजन हिशेबातून बाजूला काढलं, तरी एफटीओचं मधुमेहाशी नातं पुरतं तुटलं नाही. आपल्याकडे वजनाचा काटाच मुळात अर्धं बोलतो.

याचा सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलेला एक फोटो. त्यात दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे आहेत, लंडनचे जॉन युडकिन आणि पुण्याचे याज्ञिक. उंचीच्या मानाने वजन मोजणारा बीएमआय दोघांचाही २२.३, म्हणजे अगदी नॉर्मल. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! शर्टाच्या आत लपलेला हा लठ्ठपणा.

तो येतो कुठून? सगळं जनुकांवर ढकलून मोकळं होता आलं असतं. पण पुण्याजवळच्या खेड्यांत गर्भार बायकांचा जो दीर्घ अभ्यास झाला, त्यात जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन होतं २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पुण्याची बाळं स्नायूंनी किरकोळ होती, कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. ज्या आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट (हेही ब गटातलंच जीवनसत्त्व) जास्त होतं, त्यांची मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा त्या मुलांच्या शरीरात इन्सुलिनला सर्वाधिक विरोध दिसला, म्हणजे इन्सुलिन असूनही त्याचं पुरेसं चालत नव्हतं. आईकडून आलेलं सगळंच डीएनएतून येत नाही; काही तिच्या ताटातून येतं. "आमच्यात आहेच" या वाक्यात हे दोन्ही एकाच डब्यात कोंबलेलं असतं.

साखरेचा मामला असा चिल्लरीचा. कोलेस्टेरॉलमध्ये मात्र कधी कधी एकच मोठी नोट, म्हणजे एकाच जनुकातला फरक, सगळा हिशेब फिरवते. यकृताच्या पेशींवर एलडीएल, म्हणजे 'वाईट' म्हणतात ते कोलेस्टेरॉल, उचलणारे रिसेप्टर असतात. त्यांना घंटागाडी समजा: रक्तातून माल उचलायचा, आत रिकामा करायचा, पुन्हा फेरीला निघायचं. पीसीएसके-९ नावाचं प्रथिन चांगल्या चालत्या गाड्या भंगारात काढतं. २००३ मध्ये फ्रान्समधल्या काही कुटुंबांत हे प्रथिन त्याच्या जनुकातल्या बिघाडामुळे जास्तच जोरात चालताना सापडलं. गाड्या कमी आणि कोलेस्टेरॉल चढलेलं. मग अमेरिकेत डॅलसच्या हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी प्रश्न उलटा केला: हेच जनुक मोडलेलं असेल तर? अमेरिकी कृष्णवर्णीयांत सुमारे दोन-अडीच टक्के लोक तसे निघाले. त्यांचं एलडीएल २८ टक्क्यांनी कमी होतं आणि पंधरा वर्षांच्या पाहणीत हृदयविकार तब्बल ८८ टक्क्यांनी कमी.

२८ आणि ८८ मधली ही दरी मला या साऱ्या संशोधनातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट वाटते. पन्नाशीत गोळ्या सुरू करून एलडीएल तेवढंच खाली आणलं, तरी एवढा फायदा मिळत नाही. या लोकांच्या रक्तवाहिन्यांत जन्मापासून गाळ कमी साचत आलेला असतो. मोडक्या जनुकाची नक्कल करणारी, पीसीएसके-९ला अडवणारी इंजेक्शनं २०१५ मध्ये बाजारात आली.

आता नळीत थुंकी भरून कुरिअरने पाठवली, की 'तुमचा जनुकीय धोका' असा रंगीत अहवाल घरी येतो. त्यामागची आकडेवारी बव्हंशी युरोपीय वंशाच्या लोकांची, म्हणून आपल्याकडे ती तितकीशी लागू पडत नाही. सुमारे १०,००० भारतीयांचे जनुकसंच संशोधकांसाठी खुले झाले ते जानेवारी २०२५ मध्ये. तूर्त तरी मी ते पैसे राखून ठेवीन.

त्यापेक्षा लॅबच्या फॉर्मवरचा 'घरात कुणाला हृदयविकार?' हा रकाना नीट भरलेला बरा. तिथे हो किंवा नाही एवढंच विचारतात. पण आजोबांना ७८व्या वर्षी आलेला झटका आणि काकांना ४२व्या वर्षी आलेला झटका यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आईवडील किंवा भावंडांपैकी पुरुषाला ५५च्या आत, बाईला ६५च्या आत झटका आला असेल, तर डॉक्टर कान टवकारतात. स्वतःचं एलडीएलही १९०च्या वर असेल, तर दर अडीचशे-तीनशे माणसांत एकाकडे असणारी, कोलेस्टेरॉल चढवणारी मोठी नोट आपल्या घरात आहे का, हे तपासायला हवं. आणि असली तर भावंडांचं, मुलांचंही रक्त तपासायचं.

त्या दिवशी मी 'हो'वर खूण केली आणि पुढे कंसात लिहिलं: मोठे काका, वय ४२. काउंटरवरच्या मुलीने ते वाचलं, पेन हातात घेतलं आणि विचारलं, "तुमचं लिपिड कधी केलं होतं?"