रीब्रीदर घरी कसा धुवावा, कसा ठेवावा : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

रीब्रीदर म्हणजे सोडलेला श्वास कार्बन डायऑक्साइड गाळून, ऑक्सिजन मिसळून पुन्हा घ्यायला देणारा डाइव्हिंगचा श्वसनसंच. डाइव्ह करून मालवण किंवा अंदमानहून बडोद्याला परतेपर्यंत एक-दोन रात्री प्रवासात जातातच. तेवढ्यात बाहेरचे मीठ सुकून कडक होते, पण खरी पंचाईत आत असते. साध्या स्कूबात उच्छ्वास बुडबुड्यांबरोबर निघून जातो. रीब्रीदरमध्ये तोच श्वास, त्यातली वाफ आणि थुंकी लूपमध्ये, म्हणजे श्वासाच्या बंद मार्गात, फिरत राहते. बंद पेटीत, उन्हाळ्याच्या दिवसांत, तिथे बुरशी धरायला वेळ लागत नाही. म्हणून पहिली धुलाई मुक्कामावरच, त्याच संध्याकाळी करा. घरी आल्यावर करायची ती दुसरी.

धुण्याचा क्रम

माउथपीस बंद ठेवून आधी सगळा सेट बाहेरून गोड्या पाण्याने धुवा. मग दोन्ही सिलिंडर बंद करून पाइपातला दाब सोडा. हेड (सेटचा वरचा इलेक्ट्रॉनिक भाग) उचलून बाजूला कोरड्या जागी ठेवा. ऑक्सिजन मोजणारे सेल त्यातच असतात, त्यामुळे हेडवर नळ सोडायचा नाही. फक्त ओलसर फडक्याने पुसायचे. स्क्रबरचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या दाण्यांचा, डबा काढा. आता राहिले होज, काउंटरलंग (श्वासाच्या पिशव्या) आणि माउथपीस. यांत कोमट पाणी भरून हलवा, ओता, पुन्हा भरा. पाणी फेसाळ किंवा पांढरट निघत असेल तर सोडा लाइमची, म्हणजे स्क्रबरमधल्या दाण्यांची, धूळ आत गेली आहे. ते पाणी अल्कधर्मी असते, हाताला बुळबुळीत लागते. स्वच्छ निघेपर्यंत धुवत राहा.

जंतुनाशक तुमच्या सेटच्या पुस्तिकेत लिहिले असेल तेच वापरा. पावडरचे १ टक्का द्रावण सांगितले असेल, तर १ लिटर पाण्यात १० ग्रॅम. अंदाजाने मूठभर टाकू नका, स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. पुस्तिकेत दिलेला वेळ घड्याळ लावून पाळा आणि नंतर तीन वेळा पाणी बदलून खंगाळा. डेटॉल, फिनेल चालत नाहीत : त्यांचा अंश रबरात मुरतो आणि पुढच्या डाइव्हला तो थेट फुप्फुसात जातो. हँड सॅनिटायझरही नको. अल्कोहोलने रबर कडक होते, आणि ऑक्सिजनच्या जवळ जळणारा पदार्थ ठेवायचा कशाला?

शेवटचे खंगाळणे आरओच्या पाण्याने करा. ज्या सोसायट्यांत बोअरवेलचे पाणी येते तिथे तर हे टाळूच नका. जड पाणी सुकले की मशरूम व्हॉल्व्हच्या (श्वास एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) पातळ रबरी पाकळीवर पांढरा थर बसतो आणि पाकळी नीट टेकत नाही. असे झाले, तर सोडलेला श्वास उलटा तुमच्याकडेच येतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. पाकळी उजेडात धरून पाहा : कड मुडपलेली, केस अडकलेला, ठिपका पडलेला, काहीही दिसले तर बदला. बसवल्यावर एक बाजू तळहाताने दाबून दुसरीकडून हलकेच ओढून-फुंकून पाहा. हवा एकाच दिशेने जायला हवी.

होज उभे टांगून सावलीत वाळवा, पंखा लावा, ऊन नको. पावसाळ्यात पुरा दिवस वाळवूनही घड्यांत ओल राहते. कोरड्या टिश्यूची गुंडाळी आत फिरवून पाहा. ती ओली निघाली तर पेटी बंद करू नका.

सोडा लाइम : इथे काटकसर नको

याचा मुख्य घटक कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुना. त्यात थोडा सोडियम हायड्रॉक्साइड आणि पाणी. हे पाणी गरजेचे आहे. बडोद्यात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, गाडीच्या डिकीत तर त्याहून किती तरी जास्त. अर्धवट उघडा डबा तिथे राहिला की दाणे कोरडे पडतात आणि कार्बन डायऑक्साइड कमी शोषतात. दिसायला मात्र अगदी नव्यासारखे. डबा घट्ट बंद करून घरातल्या थंड जागी ठेवा आणि उघडल्याची तारीख वर लिहा.

हॉस्पिटलच्या भूल-यंत्रांतला रंग बदलणारा सोडा लाइम इथे सहज मिळतो, म्हणून तो भरण्याचा मोह होतो. त्याच्या दाण्याचा आकार तुमच्या डब्यासाठी ठरवलेला नसतो. शिवाय वापरलेले दाणे ठेवून दिले की पुन्हा मूळ रंगावर येऊ शकतात. रंग बघून दाणे पुन्हा वापरणारा स्वतःलाच चुना लावतो.

डबा भरताना मोकळ्या हवेत बसा, मास्क, चष्मा, हातमोजे घाला. थोडे थोडे ओता, डब्याच्या बाजूंना टिचक्या मारा, खाली बसले की आणखी भरा. मध्ये पोकळी राहिली तर श्वास त्या वाटेने न गाळता निघून जातो. डाइव्हपूर्वी पाच मिनिटे श्वास घेऊन बघितला, सगळे ठीक वाटले, म्हणजे स्क्रबर ठीक, असा समज आहे. तो चुकीचा आहे : पाच मिनिटांत कित्येकांना काहीच जाणवत नाही. वापराच्या मिनिटांची नोंद वहीत ठेवा, पुस्तिकेतली मर्यादा गाठली की दाणे टाका. टाकताना जाड पिशवीत बांधा. मोरीत किंवा झाडाच्या आळ्यात नको.

ऑक्सिजन सेल

सेल उघड्या हवेत किती मिलिव्होल्ट दाखवतो ते महिन्यातून एकदा लिहून ठेवा. साधारण ८ ते १३ मध्ये आकडा येतो. हवेत १० असेल, तर शुद्ध ऑक्सिजनमध्ये ४७-४८ यायला हवा. बडोदे समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटर उंच, तेव्हा उंचीसाठी आकड्यात दुरुस्ती करायची गरज नाही. ४३-४४वर अडकलेला सेल काढून टाका. आकडा सावकाश चढत असेल तर आधी सेलच्या तोंडावर साठलेली वाफ बघा. तिथे कॉम्प्रेसरची हवा मारू नका, पातळ पडदा फाटतो.

सेल बसवल्यापासून १२ महिन्यांत, नाही तर उत्पादनापासून १८ महिन्यांत, जे आधी येईल तेव्हा बदला. तिन्ही सेल एकाच खोक्यातले घेऊ नयेत असे आमचे मत आहे. सेट तीन आकड्यांची तुलना करून जुळणाऱ्या दोनांवर विश्वास ठेवतो. दोघे एकदम म्हातारे झाले, तर ते मिळून धडधाकट तिसऱ्यालाच खोटे पाडतात.

ओ-रिंग आणि गळती

ओ-रिंग टाचणीने उकरू नका, खोबणीला चरा पडतो. लाकडी टूथपिक बरी. ग्रीस फक्त ऑक्सिजनसाठी बनवलेले, तेही बोटावर चमक दिसेल इतकेच. ऑक्सिजनच्या बाजूला व्हॅसलीन किंवा सिलिकॉन ग्रीस लावले तर आगीचा धोका असतो. त्याच कारणाने सिलिंडरचा व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडावा.

जोडून झाल्यावर लूप फुगवून दाब टिकतो का बघा, मग हवा ओढून घेऊन आकसलेला राहतो का बघा. फुगवलेला लूप हळूहळू सैल पडला तर बादलीत बुडवून बुडबुडे शोधा. बहुधा होजच्या जोडातली ओ-रिंग किंवा तिच्यावरचा एखादा केस निघतो.

फर्स्ट स्टेज (सिलिंडरचा दाब कमी करणारा भाग), सोलेनॉइड (ऑक्सिजन सोडणारा विजेचा व्हॉल्व्ह) आणि इलेक्ट्रॉनिक्स घरी उघडू नका. वार्षिक सर्व्हिसला सेट देताना स्क्रबर रिकामा करून, सेलच्या नोंदींची वही आणि पुस्तिका सोबत आणा.